राजा जिथे पाहुणा होता

काराकोरम म्हटले की आपल्याला आधी डोंगर आठवतो, सियाचीन आठवते. ती पर्वतरांग वेगळी. पुढच्या पानांत ज्या काराकोरमची ओळख करून द्यायची आहे ते एक शहर आहे, किंवा होते. मंगोलियाच्या मध्यभागी, ओरखोन नदीच्या खोऱ्यात, साधारण दीड हजार मीटर उंचीवरच्या गवताळ सपाटीवर ते वसवले गेले. 1235 साली ओगेदेई खानाने त्याला तट घातला आणि आत वाडा बांधला. 1260 नंतर त्याचे वैभव ओसरले. मधली पंचवीस वर्षे चीनपासून रशियापर्यंत पसरलेल्या साम्राज्याचे हे मुख्य ठाणे होते. युरोपातला ख्रिस्ती धर्मोपदेशक, बगदादकडचे व्यापारी, चिनी कुंभार आणि हिंदुस्थानातल्या सुलतानाचे वकील असे सगळे त्याच्या चिखलाच्या रस्त्यांवरून चालले.

आज तिथे जायचे तर उलानबातारहून पश्चिमेला साडेतीनशे किलोमीटरहून थोडा अधिक प्रवास आहे. खारखोरिन नावाचे छोटे गाव लागते. त्याच्या कडेला चौकोनी पांढरा तट दिसतो आणि तटावर ओळीने स्तूप उभे असतात. पाहणारा खूश होऊन कॅमेरा काढतो. पण हा तट मंगोल सम्राटांचा नव्हे. तो एर्देने झू या बौद्ध मठाचा आहे. अबताई सैन खानाने 1585 च्या सुमारास मठाची उभारणी सुरू केली, तेव्हा राजधानी मोडून गेलेली होती आणि तिचे दगड आयतेच हाताशी होते. खरे शहर तटाबाहेर उत्तरेला आहे. तिथे गवत आहे, चरणारी घोडी आहेत, कुठे कुठे बुटके उंचवटे आहेत आणि दगडाचे एक कासव आहे. त्या कासवाच्या पाठीवर एके काळी शिलालेख उभा होता.

पुष्कळ लोक इथून हिरमुसून परततात. हंपी, दौलताबाद, विजापूर पाहून आपली नजर तयार झालेली असते. भग्नावशेष म्हणजे कमानी, बुरूज, सिंहासनाचा चौथरा, राणीमहाल असे एक चित्र आपण सोबत नेतो आणि इथे त्यातले काहीच भेटत नाही. मला वाटते, या विषयात शिरण्याचा रस्ता त्या निराशेतूनच जातो. शहर काळाने खाल्ले हे उत्तर अपुरे आहे. ते पहिल्यापासूनच आपल्या ओळखीच्या राजधान्यांसारखे नव्हते, आणि त्याचा राजा तिथे राहत नव्हता.

ओगेदेईचे वर्ष ऋतूंप्रमाणे सरकत असे. वसंतात काही आठवडे काराकोरमच्या परिसरात, उन्हाळ्यात डोंगरातल्या थंड कुरणांवर, शरदात सरोवराकाठी, आणि हिवाळ्यात ओंगीन नदीच्या बाजूला शिकारीसाठी. त्याच्यानंतरचा मोंगके खानही असाच फिरता. शहरातल्या वाड्यात तो वर्षातून दोनदा मोठ्या मद्यपानाच्या मेजवान्या देई आणि मग तळ हलवी. दरबार, खजिना, राण्या, कारकून, वैद्य, ज्योतिषी असे सगळे तंबूंत राहत आणि तंबू गाड्यांवर चालत. म्हणजे मुख्य राजधानी चालती होती आणि काराकोरम हे तिचे स्थिर टोक. तिथे कोठारे होती, कारखाने होते, बाजार होता, परक्या वकिलांना बसवून ठेवायची जागा होती. राजाचे येणे हा तिथला सण असे. हे एकदा ध्यानात आले की उंचवट्यांकडे पाहण्याची रीत बदलते. सिंहासन शोधणारा माणूस भट्टी, रस्ता आणि धान्याची वाट शोधू लागतो.

मग शहर इथेच का, असा प्रश्न उरतो. कुरण चांगले आणि पाणी बारमाही, हे उत्तर बरोबर आहे, पण मंगोलियात अशा जागा आणखीही आहेत. ओरखोनच्या खोऱ्यात मात्र आधीच्या सत्तांचे ठसे होते. काराकोरमच्या उत्तरेला, एका दिवसाच्या घोडदौडीत, खोशू त्सैदाम इथे तुर्क खागानांचे आठव्या शतकातले शिलालेख उभे आहेत. कुल तिगिनचा 732 सालचा आणि त्याचा भाऊ बिल्गे खागान याचा 735 चा. त्याहून जवळ, तीसेक किलोमीटरवर, उइगुरांची राजधानी खार बाल्गास आहे. किर्गिझांनी ती 840 मध्ये जाळली, पण तिच्या मातीच्या भिंती आजही काराकोरमच्या कुठल्याही भिंतीपेक्षा उंच आहेत. स्टेपच्या, म्हणजे या गवताळ मुलखाच्या, राजकारणात या खोऱ्यावर ज्याचा तळ, त्याचा अधिकार, अशी समजूत होती. चंगीझखानाने ही जागा 1220 साली निवडली असे पुढचा एक शिलालेख सांगतो. त्याने इमारती बांधल्या नाहीत, पण जागा हेरताना तो जुन्या सत्तांच्या गादीवर बसत होता. युनेस्कोने 2004 मध्ये एकट्या काराकोरमऐवजी ओरखोनचे अख्खे खोरे जागतिक वारसा म्हणून नोंदवले. तो निर्णय मला शहाणपणाचा वाटतो. ज्याला वेळ आहे त्याने हे खोरे उत्तरेकडून दक्षिणेकडे, तुर्कांकडून मंगोलांकडे, असे पाहत यावे.

आता साक्षीदारांकडे वळू. या शहराविषयी आपण जे बोलतो त्यातले निम्मेअधिक दोन माणसांच्या तोंडून आलेले आहे आणि दोघांची भेट थोडक्यात हुकली. अता-मलिक जुवैनी हा खुरासानातल्या कारकुनी घराण्यातला तरुण. तो 1252 च्या मे महिन्यात मोंगकेच्या दरबारी आला आणि पुढच्या वर्षीच्या शरदात परत फिरला. मित्रांच्या आग्रहावरून त्याने ‘तारीख-ए-जहाँगुशा’ लिहायला घेतली ती इथेच. तो निघून गेला आणि 1253 च्या डिसेंबरात रुब्रुक गावचा विल्यम हा फ्रान्सिस्कन भिक्षू मोंगकेच्या छावणीत पोचला. हिवाळा त्याने तंबूंच्या तळावर काढला. प्रत्यक्ष शहरात शिरला तो 1254 च्या एप्रिलात.

या दोघांहून वेगळ्या स्वभावाचे साक्षीदार मिळणे कठीण. जुवैनीच्या मुलखाची मंगोलांनी राखरांगोळी केली होती आणि तो त्यांचाच नोकर होता. त्याची अलंकारिक फारसी स्तुतीच्या आड पुष्कळ काही लपवते. ओगेदेईच्या औदार्याच्या गोष्टी तो एकामागून एक सांगत जातो. काराकोरमला थंडीमुळे शेती नव्हती. कुणा एकाने मुळे लावले, त्यातले थोडे उगवले. तो ते घेऊन खानाकडे गेला. खानाने पाने मोजायला लावली, ती शंभर भरली, आणि माणसाला चांदीच्या शंभर लगडी मिळाल्या. दुसऱ्या कुणी शहराच्या पूर्वेला बदाम आणि विलोची रोपे लावली. त्या भागात कोणी हिरवे झाड पाहिलेले नव्हते. ती जगली, तेव्हा झाडामागे एक लगड बक्षीस. वाचताना हसू येते, पण जुवैनीने इथे नकळत एक आर्थिक सत्य नोंदवून ठेवले आहे. ज्या राजधानीत मुळा उगवणे ही दरबारी बातमी होती, ती राजधानी खात काय होती?

याचे उत्तर रशीदुद्दीनच्या ग्रंथात आहे. तो पन्नासेक वर्षांनी इराणात बसून लिहीत होता, पण त्याच्या हाताशी चांगली कागदपत्रे होती. तो सांगतो की खाण्यापिण्याच्या वस्तूंनी भरलेल्या पाचशे गाड्या रोज काराकोरमला पोचाव्यात असा हुकूम होता. चीन आणि हे शहर यांच्यामध्ये 37 ठाणी होती आणि प्रत्येक ठाण्यावर हजार माणसांची नेमणूक. आकडा गोल आहे, तो जसाच्या तसा घेऊ नये. पण दिशा खरी आहे. हे शहर गाड्यांवर जगत होते. 1260 मध्ये खुबिलाई आणि त्याचा धाकटा भाऊ अरिक बोके यांच्यात गादीसाठी लढाई जुंपली. अरिक बोकेकडे काराकोरम होते आणि खुबिलाईकडे उत्तर चीनची शेते. खुबिलाईने धान्य अडवले. राजधानी हातात असूनही अरिक बोके कोंडला गेला आणि 1264 मध्ये शरण आला. खुबिलाईने मग शांगदू आणि दादू, म्हणजे आजचे बेजिंग, इथे बस्तान हलवले. चंगीझच्या नातवाने आजोबांची जागा सोडली याला पुष्कळ कारणे दिली जातात, चिनी संस्कृतीचे आकर्षण वगैरे. मला त्यात धान्याचे कारण सर्वांत वजनदार वाटते. जे हत्यार त्याने भावावर चालवले ते आपल्यावर चालू नये एवढे त्याला नक्कीच कळत होते.

रुब्रुकची नजर निराळी. त्याच्याकडे मालक नव्हता आणि तोंडदेखले बोलण्याची सवयही नव्हती. थंडीत उघड्या पायांनी चालण्याचा त्याचा हट्ट पाहून मंगोल चकित झाले. भुकेची, भाषांतर करणाऱ्या दारुड्या दुभाष्याची, पहाऱ्यांची तक्रार तो सारखी करतो आणि म्हणूनच विश्वासार्ह वाटतो. त्याच्या मते खानाचा वाडा सोडला तर हे शहर पॅरिसजवळच्या सँ-दनीच्या बरोबरीचेही नाही, आणि तिथला मठ या वाड्याच्या दहापट मोलाचा. म्हणजे आजच्या हिरमुसल्या पर्यटकाचा पूर्वज सापडला! पण हिरमुसूनही तो मोजत राहिला. दोन मोहल्ले: एक मुसलमानांचा, जिथे बाजार भरतो, दुसरा चिन्यांचा, ते सगळे कारागीर. निरनिराळ्या लोकांची बारा मूर्तिपूजक देवळे, दोन मशिदी आणि गावाच्या टोकाला एक चर्च. मातीचा तट, त्याला चार दरवाजे. पूर्व दरवाज्यात भरड धान्य विकतात, पण तेही क्वचितच येते, असा शेरा. पश्चिमेला मेंढ्या आणि बकऱ्या, दक्षिणेला बैल आणि गाड्या, उत्तरेला घोडे. शहरशास्त्राच्या अभ्यासकाला या चार दरवाज्यांत सगळी अर्थव्यवस्था उभी-आडवी दिसते: उत्तरेकडचे स्टेप, दक्षिणेकडची चीनची वाट, आणि धान्याचा रिकामा दरवाजा.

त्याच्या वृत्तांतातली सर्वांत गाजलेली गोष्ट म्हणजे चांदीचे झाड. वाड्याच्या दारात कातडी पखालींमधून दारू आणणे शोभत नाही म्हणून गीयोम बूशे नावाच्या पॅरिसच्या सोनाराने ते बनवले. मुळाशी चांदीचे चार सिंह, त्यांच्या तोंडून घोडीचे दूध वाहे. वर सापांच्या तोंडून द्राक्षांची दारू, नितळ कुमिस (आंबवलेले घोडीचे दूध), मधाची दारू आणि तांदळाची दारू. शेंड्यावर तुतारी धरलेला देवदूत. तुतारी वाजवायला आधी भाता बसवला होता, तो पुरेसा चालेना, म्हणून झाडाखालच्या पोकळीत एक माणूस लपवला आणि तो नळीतून फुंके. हे झाड आज मंगोलियाच्या पाच हजार तुग्रिकच्या नोटेवर आहे, हॉटेलांच्या अंगणात आहे, माहितीपत्रकांत आहे. जमिनीत त्याचा मागमूस लागलेला नाही. जे चित्र सगळीकडे फिरते ते अठराव्या शतकातल्या युरोपीय चित्रकाराची कल्पना आहे.

झाडापेक्षा मला सोनार महत्त्वाचा वाटतो. बूशे हौसेने आलेला नव्हता. त्याला बेलग्रेडला पकडून इथवर आणले होते. रुब्रुकला जेवू घालणारी पाकेत ही मेत्स शहराची बाई, हंगेरीत पकडलेली, एका रशियन सुताराशी संसार थाटलेली. जुवैनीने जिच्याविषयी विषारी लिहिले आहे ती फातिमा इराणमधल्या तूसची. ती बंदिवान म्हणून इथे आली, बाजारात राहिली, आणि ओगेदेईच्या मृत्यूनंतर पाच वर्षे कारभार चालवणाऱ्या तोरेगेने राणीची सर्वांत जवळची सल्लागार झाली. राणीची सत्ता गेल्यावर फातिमाला हाल करून मारले. काराकोरमच्या सर्वधर्मी, बहुभाषिक वातावरणाचे कौतुक हल्ली फार होते. ते वातावरण खरे होते. पण त्या वस्तीतली कितीतरी माणसे दोरीला बांधून आणलेली होती. वाचकाने या दोन गोष्टी एकमेकींपासून तोडू नयेत. 1254 च्या मे महिन्याच्या अखेरीस मोंगकेच्या आज्ञेने ख्रिस्ती, मुसलमान आणि बौद्ध यांचा जो वाद झाला त्याचाही आजकाल धर्मसहिष्णुतेचा नमुना म्हणून उल्लेख होतो. या वादाचा वृत्तांत रुब्रुकनेच लिहिला आहे आणि त्यात जिंकला तोच. वाद संपल्यावर सगळे मिळून भरपूर प्याले, हे मात्र त्याने प्रामाणिकपणे नोंदवले आहे.

रुब्रुकच्या वृत्तांतात आपल्याकडचा एक धागाही आहे. रुब्रुकला काराकोरमला हिंदुस्थानच्या कुणा सुलतानाचे वकील भेटले. त्यांनी नजराण्यासाठी आठ चित्ते आणि दहा शिकारी कुत्री आणली होती, आणि कुत्र्यांना घोड्याच्या पाठीवर बसायला शिकवले होते. हिंदुस्थान कुठे आहे असे विचारल्यावर त्यांनी पश्चिमेकडे बोट दाखवले, आणि परतताना तीनेक आठवडे ते त्याच्याबरोबर पश्चिमेलाच चालले. नकाशा पाहणाऱ्याला हे उलटे वाटते. पण तिबेट आणि हिमालय ओलांडून कोण जाणार? वाट मध्य आशियाला वळसा घालून होती. या वेळी दिल्लीला नासिरुद्दीन महमूद गादीवर होता आणि देवगिरीला यादव कृष्ण. मोंगकेच्या दरबारात बौद्ध संघाचा प्रमुख म्हणून नेमलेला नमो हा भिक्षू काश्मीरचा होता. आणि रुब्रुकने बौद्धांच्या तोंडी ऐकलेला, त्याच्या लॅटिन कानांनी वेडावाकडा टिपलेला जप ‘ओम मणि पद्मे हुम’ हाच आहे हे आपल्याला लगेच ओळखू येते.

शब्दांवर इतके विसंबल्यावर माती काय म्हणते ते पाहिले पाहिजे. एकोणिसाव्या शतकात काराकोरम नेमके कुठे यावर युरोपात वाद चालू होता. 1889 मध्ये सायबेरियाचा अभ्यासक निकोलाय याद्रिन्त्सेव ओरखोनला आला. त्याने हे अवशेष पाहिले आणि त्याच फेरीत तुर्कांचे ते शिलालेखही. दोन वर्षांनी विल्हेल्म राडलॉफची मोहीम आली, नकाशे झाले. 1893 मध्ये डेन्मार्कच्या विल्हेल्म थॉमसेनने शिलालेखांची लिपी वाचली. साहजिकच विद्वानांचे लक्ष शिलालेखांनी खेचून घेतले आणि शहर मागे पडले.

मोठे उत्खनन झाले ते 1948-49 मध्ये, सर्गेई किसेल्योव यांच्या सोव्हिएत-मंगोल मोहिमेत. मठाच्या तटाला लागून उत्तरेला एक मोठा उंचवटा होता. त्यातून दगडी बैठकींच्या ओळी निघाल्या: आठ गुणिले आठ, चौसष्ट खांबांचे दालन, प्रत्येक बाजू सुमारे 38 मीटर. हिरव्या झिलईची कौले निघाली. रुब्रुकने वाडा चर्चसारखा, मध्ये मोठे दालन आणि दोन्ही बाजूंना खांबांच्या रांगा, असा वर्णिला होता. जुळणी झाली. हाच ओगेदेईचा वाडा, असे ठरले. 1965 च्या रशियन ग्रंथातून हा निष्कर्ष जगभर गेला. पुढे कित्येक वर्षे प्रत्येक पाठ्यपुस्तकात तो वाडा होता.

बॉन विद्यापीठ, जर्मन पुरातत्त्व संस्था आणि मंगोलियाची विज्ञान अकादमी यांनी 2000 च्या आसपास तिथे पुन्हा फावडे लावले. त्यांना खाली मातीच्या छोट्या स्तूपांचे, तिबेटी परंपरेत ज्यांना त्सात्सा म्हणतात त्यांचे, ढीग सापडले. मोठ्या बुद्धमूर्तींचे तुकडे सापडले. दालनाच्या मधोमध प्रचंड स्तूपाची जागा होती. 1346 चा एक चिनी-मंगोल शिलालेख मठाच्या भिंतीत तुकड्यातुकड्यांनी वापरलेला मिळाला होता आणि अभ्यासकांना माहीत होता. मोंगकेने 1256 मध्ये पूर्ण केलेल्या, पाच मजली, आत स्तूप असलेल्या एका मंडपाचे वर्णन त्यात आहे. नंतरच्या सम्राटांनी त्याची दोनदा डागडुजी केली. ही इमारत तीच. ज्याला आपण खानाचा दरबार समजत होतो ते देऊळ निघाले.

किसेल्योव यांना हसण्याचे कारण नाही. त्यांच्या खड्ड्यातही बौद्ध भित्तिचित्रांचे तुकडे आले होते. वाड्याच्या आधी इथे एखादे देऊळ असावे, असे म्हणून त्यांनी ते बाजूला ठेवले. प्रवासवर्णनाने आधीच सांगितले होते काय सापडेल ते, आणि तसेच सापडले. मी नव्या विद्यार्थ्याला हे प्रकरण सगळ्यांत आधी वाचायला सांगतो. ग्रंथ, शिलालेख आणि माती हे तिघे कसे एकमेकांना दुरुस्त करतात आणि कसे एकमेकांना बिघडवतात, याचा इतका स्वच्छ धडा दुसरीकडे क्वचित मिळेल.

मग वाडा कुठे गेला? एर्देने झूच्या तटाच्या पायात खणले तेव्हा पांढऱ्या भिंतीखाली जुनी तटबंदी निघाली आणि ती तेराव्या शतकातली ठरली. म्हणजे मठ वाड्याच्या चौकटीतच बसला आहे. आपण कॅमेरा काढतो त्या तटाचा चौकोन मूळचा ओगेदेईचाच असण्याची शक्यता आता बहुतेक अभ्यासक मानतात. त्यातल्या बहुतेक मंदिरांचा 1930 च्या दशकातल्या दडपशाहीत नाश झाला. तो राजकीय इतिहास वेगळा आणि जड आहे, पण त्यामुळे एक गोष्ट झाली: आज त्या तटाच्या आत मोकळी जमीन पुष्कळ आहे.

जर्मन मोहिमेचे मला अधिक मोलाचे वाटणारे काम शहराच्या मधल्या चौकातले आहे. तिथे चिनी कारागिरांच्या घरांचे थर एकावर एक निघाले. ओतकाम, हाडकाम, काचेचे मणी, नाणी. गाड्यांच्या चाकांत बसवायचे ओतीव लोखंडाचे आंखपट्टे इथे घडवले जात. त्या पाचशे गाड्यांचा हा जमिनीतला पुरावा म्हणायचा. जळक्या धान्यात राळे-वरीच्या जातीचे भरड धान्य, जव आणि गहू. शहराच्या उत्तरेला मुसलमानांची दफनभूमी. काराकोरमच्या टाकसाळीचे हिजरी 635, म्हणजे 1237-38 मधले एक चांदीचे नाणे इस्लामी घडणीचे आहे. तटाला जेमतेम दोन-तीन वर्षे झाली होती तेवढ्यात मुसलमान व्यापाऱ्यांचा पैसा आणि पद्धत इथे मुरली होती, असा त्याचा अर्थ मी लावतो.

आणि अलीकडे फावड्याशिवाय चाललेले काम. यान बेमान, सुझान रायखर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अतिसंवेदनशील चुंबकमापक वाहनामागे बांधून 465 हेक्टर जमीन चाळली आणि 2021 मध्ये नकाशा प्रसिद्ध केला. तटाच्या आतले क्षेत्र जेमतेम 133 हेक्टर. वस्ती मात्र रस्त्यांच्या कडेने तटाबाहेर लांब गेलेली. तटात जागा रिकामी होती आणि तरी लोक बाहेर राहत होते, याचे मला फार कुतूहल वाटते. त्या रिकाम्या जागेत तंबू पडत असतील का? तंबूचा खुंटा चुंबकमापकाला दिसत नाही. शेवटी अर्धे शहर असे असेल की जे मोजता येतच नाही, आणि पुरातत्त्वाला हे कबूल करायला जड जाते.

विषय जिवंत आहे, एवढेच काय, आता राजकारणातही आहे. 2022 च्या अखेरीस मंगोलियाच्या राष्ट्राध्यक्षांनी जुनी राजधानी पुन्हा उभी करण्याचा हुकूम काढला. खारखोरिनजवळ नवे शहर वसवायचे बेत आहेत. उलानबातारच्या गर्दीवर उपाय म्हणून ते समजण्यासारखे आहे. पण तटाबाहेरची वस्ती किती दूरवर गेली आहे हे आत्ता कुठे कळू लागले आहे, अशा वेळी कुणी पाया खोदला की पहिले नुकसान तिचेच होणार. पाणी आणि धान्य यांचा प्रश्नही पुन्हा येतोच. विसाव्या शतकात सरकारी शेतीतून इथे गहू पिकू लागला, तरी मोठ्या शहराला पुरेल असे ते कोठार नव्हे.

प्रत्यक्ष जाणाऱ्यांसाठी दोन शब्द. आधी संग्रहालयात जा. ते 2011 मध्ये जपानच्या मदतीने उभे राहिले आणि त्यात जुन्या शहराची प्रतिकृती आहे. ती डोक्यात ठेवून बाहेर पडा. उंचवटे दुपारी दिसत नाहीत. सूर्य खाली असताना, सकाळी लवकर किंवा संध्याकाळी, सावल्या लांबतात तेव्हाच रस्त्यांची रेघ उमटते. मठाच्या मागे चौसष्ट खांबांच्या जागेवर उभे राहा, मग पूर्व दरवाज्याच्या दिशेने चालत जा. वाटाड्या तिथे वाडा होता म्हणाला तर वाद घालू नका, पण पटवूनही घेऊ नका.

वाचायला सुरुवात रुब्रुकपासून करावी. पीटर जॅक्सन यांचे इंग्रजी भाषांतर 1990 चे आहे आणि त्यातल्या टिपा मजकुराइतक्याच रसाळ आहेत. जुवैनी बॉईल यांच्या 1958 च्या भाषांतरात मिळतो. पुढे जाणाऱ्याला चिनी, रशियन, जर्मन यांपैकी एक तरी गाठावी लागेल. पण आपल्याकडे एक जुनी शिदोरी आहे आणि ती कुणी या कामी वापरलेली मला दिसत नाही. मराठ्यांचा इतिहास लिहिण्यासाठी ग. ह. खरे, सेतुमाधवराव पगडी यांच्यासारख्यांनी फारसीचा कसून अभ्यास केला, आणि दरबारी फारसी वाचण्याची सवय पुण्या-मुंबईत दोन-तीन पिढ्या टिकली. जुवैनीची फारसी अवघड आहे हे खरे, पण मोगल अखबारांची सवय असलेल्याला ती अगदीच परकी वाटणार नाही. अकबराच्या चित्रशाळेत 1596 मध्ये रशीदुद्दीनच्या ग्रंथाची सचित्र प्रत तयार झाली होती. तेव्हा ही वाट हिंदुस्थानात नवी नाही. ज्याने फारसी शिकली आहे त्याने ओगेदेईच्या औदार्याचे प्रकरण मुळातून मराठीत आणायला घ्यावे. मुळ्याच्या गोष्टीपासून सुरुवात केली तरी चालेल, ती छोटी आहे.